काँक्रीटची कुंडी : घराबाहेरच्या जागेतलं छोटं बांधकाम

प्रस्तावना

16 जुलै 1867 रोजी जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने पॅरिसमध्ये एक पेटंट घेतलं. पेटंट होतं लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं. मोनिए इंजिनिअर नव्हता. राजवाड्यांच्या बागांत थंडीपासून जपावी लागणारी संत्र्याची झाडं मोठाल्या लाकडी पिंपांत लावत आणि हिवाळा आला की ती उचलून आत नेत. ओल्या मातीने लाकूड कुजे. मातीच्या मोठ्या कुंड्या वजनाने आणि हलवाहलवीने फुटत. नुसत्या सिमेंटची कुंडीही तडकत असे. मोनिएने तारेच्या जाळीवर सिमेंटचा थर चढवला आणि पातळ भिंतीची, तरीही न फुटणारी कुंडी तयार झाली. पुढच्या काही वर्षांत त्याने याच युक्तीचे पाइप, फरशा आणि पूल यांची पेटंटं घेतली. 1875 साली फ्रान्समधल्या शाझले इथे त्याच्या पद्धतीने सुमारे 14 मीटर लांबीचा छोटा पूल उभा राहिला. त्याच्याही आधी, 1848 मध्ये, जोसेफ-लुई लांबो याने जाळी आणि सिमेंट वापरून होडी बांधली होती, त्यामुळे शोधाचं सगळं श्रेय एकट्या मोनिएचं नाही. पण आज ज्या आरसीसी स्लॅबखाली आपण झोपतो, त्याच्या वंशावळीत झाडाची कुंडी फार वरच्या पिढीत बसते, हे नि:संशय.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव पुस्तकात भेटतं. बागकाम करणाऱ्यांना ते क्वचितच ठाऊक असतं. नर्सरीतून कुंडी आणताना रंग, आकार आणि किंमत पाहिली जाते. तिचं वजन स्लॅबवर कुठे पडेल, तिच्यातलं पाणी कुठून जाईल, तिच्या भिंतीतला चुना मातीत किती उतरेल, हे प्रश्न झाड मरगळल्यावर किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छतावरची ओल दाखवल्यावर सुचतात. काँक्रीटची कुंडी हे घरात होणारं सर्वांत लहान बांधकाम आहे आणि त्याला बांधकामाचेच नियम लागू होतात, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. दिसणं महत्त्वाचं आहेच, पण ते या नियमांच्या मागून येतं.

मराठी घराला हा विचार तसा नवा नाही. अंगणातलं तुळशी वृंदावन म्हणजे जाणीवपूर्वक बांधलेली, जमिनीपासून उंच उचललेली कुंडीच. जांभा दगडाचं असो, विटांचं असो की अलीकडचं सिमेंटचं, ते अंगणात कुठे आहे यावर बाकीच्या अंगणाची मांडणी ठरते. दारातून बाहेर पाहिलं की नजर त्यावर थांबते. भोवती प्रदक्षिणेपुरती मोकळी जागा राहते. दिव्यासाठी कोनाडा असतो. उंचीमुळे रोप गुरांच्या तोंडापासून आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यापासून दूर राहतं. गोव्यात आणि तळकोकणात ही वृंदावनं निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत रंगवलेली दिसतात आणि घराची ओळखच त्यांनी होते. आजचे बागरचनाकार ज्याला ‘केंद्रबिंदू’ म्हणतात, तो आपल्या आजीच्या अंगणात रोज सकाळी पाणी घालून पुजला जात होता.

मात्र साच्यातून निघणाऱ्या आणि हमरस्त्यालगत रांगेने विकायला ठेवलेल्या सिमेंटच्या वृंदावनांनी या वारशाचं काही प्रमाणात नुकसान केलं आहे. बाहेरून चारी बाजूंना देवदेवतांची चित्रं आणि महिरपी असतात, आत मातीला मात्र ओंजळभर जागा. बऱ्याच वृंदावनांना तळाशी भोकही नसतं. तुळस दर पावसाळ्यात सडते आणि घरचे लोक स्वतःच्या हाताला दोष देतात. दोष हाताचा नसतो, पोकळीचा असतो.

युरोप-अमेरिकेत या माध्यमाचा प्रवास तीन-चार वेगळ्या वाटांनी झाला. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन याने 1824 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. पहिली वाट नकलेची. सुरुवातीला सिमेंटकडून अपेक्षा होती ती दगडाची नक्कल करण्याची. श्रीमंतांच्या बागांतल्या कोरीव कलशांची स्वस्त प्रत त्यातून निघू लागली. फ्रेंच कारागिरांनी त्याहून पुढे जाऊन लाकडाची नक्कल केली. सालीच्या भेगा, गाठी, तुटलेल्या फांद्या, सगळं ओल्या सिमेंटमध्ये हाताने कोरलेलं. ही कला मेक्सिकोत रुजली आणि तिथून दियोनिसियो रोद्रिगेझ याच्याबरोबर 1920च्या दशकात टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला पोहोचली. त्याने घडवलेले पूल, बाकं आणि कुंड्या लाकडाच्या नाहीत, हे हात लावल्याशिवाय पटत नाही. रंगांची मिश्रणं तो कोणाला सांगत नसे. आपल्याकडच्या सार्वजनिक बागांतली झाडाच्या बुंध्यासारखी बाकं आणि कचरापेट्या पाहिल्या की याच घराण्याची आठवण होते, फक्त हात तेवढा कसलेला नसतो.

दुसरी वाट गरजेपोटी निघाली. इंग्लंडमध्ये डोंगरी फुलझाडं वाढवणारे हौशी लोक गुरांना पाणी पाजण्याच्या जुन्या दगडी कुंडांत ती लावत. अशी कुंडं दुर्मिळ आणि महाग झाल्यावर त्यांनी सिमेंट, वाळू आणि पीट एकत्र करून सच्छिद्र, खडबडीत, वजनाला हलकं मिश्रण बनवलं. ‘हायपरटुफा’ या नावाने ते जगभर गेलं. घराच्या अंगणात, दोन खोक्यांचा साचा करून, कोणत्याही यंत्राशिवाय कुंडी ओतता येते हे सामान्य माणसाला या प्रकाराने शिकवलं. पीटच्या जागी कोकोपीट घातलं तरी काम होतं, त्यामुळे किनारपट्टीच्या आपल्या मुलखात हा प्रकार खरं तर केव्हाच घरोघर पोहोचायला हवा होता.

तिसरी वाट आधुनिकांची. स्वित्झर्लंडमध्ये विली गूल या डिझायनरने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या विद्यार्थ्यांबरोबर ‘एटर्निट’ या कंपनीसाठी तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या कुंड्या घडवल्या. नक्षी नाही, कोरीवकाम नाही. ओला सिमेंटचा पत्रा वाकवला की जो आकार सहज येतो, तोच आकार कुंडीचा. काँक्रीटने दगड किंवा लाकूड होण्याचा आव आणू नये, हा या घराण्याचा आग्रह. आज मासिकांतल्या आणि इंटरनेटवरच्या करड्या, निमुळत्या, गुळगुळीत कुंड्या गूलच्याच वंशातल्या आहेत. त्या काळी तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचे असत. ते फुप्फुसांना घातक असल्याचं उघड झाल्यावर मिश्रण बदलावं लागलं. जुने सिमेंटचे पत्रे कापून कुंड्या बनवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो या एका कारणासाठी ठामपणे नाकारावा.

पर्याय म्हणून काचेचे तंतू सुचले, पण साधी काच सिमेंटमधल्या तीव्र अल्कलीत विरघळत जाते. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये ए. जे. मजुमदार यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात झिर्कोनियायुक्त काचेच्या तंतूंवर काम करून हा अडसर दूर केला. आज बाजारात ‘जीआरसी’ किंवा ‘जीएफआरसी’ नावाने ज्या पातळ, हलक्या कुंड्या मिळतात, त्या या संशोधनाचं फळ. त्यांची भिंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असते. साधी ओतलेली कुंडी तेवढ्या जाडीत उभीच राहणार नाही.

यांखेरीज एक घराणं इमारतीतच मुरलेलं आहे. तिथे कुंडी विकत आणावी लागत नाही, नकाशातच ती असते. मॉन्ट्रियलमधल्या ‘हॅबिटॅट 67’मध्ये मोशे सफदी यांनी घरांवर घरं अशी रचली की खालच्याचं छप्पर वरच्याची बाग झालं. मुंबईत कंबाला हिलवर 1983 मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’त चार्ल्स कोरिया यांनी कोपऱ्या-कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्या. ऊन-पाऊस अडवणाऱ्या जुन्या बंगल्यातल्या व्हरांड्याचं काम तिथे बागेची गच्ची करते. मिलानमध्ये 2014 साली स्तेफानो बोएरी यांच्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’च्या दोन मनोऱ्यांवर शेकडो झाडं चढली. छायाचित्रांत झाडं दिसतात. त्यांना धरून ठेवणारी काँक्रीटची खोल पन्हळं आणि त्यासाठी जाड केलेल्या बाल्कन्या दिसत नाहीत. हा प्रयोग ज्यांना गच्चीवर करून पाहावासा वाटतो, त्यांनी आधी त्या बाल्कन्यांकडे पाहावं.

मुंबईत या घराण्याची कहाणी वेगळ्याच वळणाने गेली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत खिडकीबाहेरचा ‘फ्लॉवर बेड’ चटईक्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरला जात नसे. नकाशावर फुलझाडांसाठी असलेली ही पट्टी अनेक इमारतींत खोलीतच सामावून गेली आणि तिथे झाडाऐवजी बैठक किंवा कपाट आलं. जानेवारी 2012च्या दुरुस्तीनंतर फ्लॉवर बेड, बाल्कनी यांसारख्या जागा निर्देशांकात मोजल्या जाऊ लागल्या. एका अर्थी तो न्याय झाला. पण झाडासाठी जागा करण्याची जबाबदारी बिल्डरच्या नकाशातून हळूहळू रहिवाशाच्या अंगावर आली. आता ज्याला बाग हवी, त्याने ती सुट्या कुंडीत, स्वतःच्या जबाबदारीवर उभी करायची.

म्हणूनच हे पुस्तक आज हवं आहे. पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई इथे वाडे, बैठी घरं आणि जुन्या सोसायट्या पाडून उंच इमारती होत आहेत. अंगण आणि परसदार गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला एक बाल्कनी येते. काहींच्या वाट्याला गच्चीचा तुकडा. तिथे प्लॅस्टिकच्या कुंड्या काही उन्हाळ्यांतच ठिसूळ होऊन काठाला चिरतात. मातीच्या कुंड्या सुंदर, पण लवकर सुकतात आणि धक्क्याने फुटतात. काँक्रीट टिकतं, वाऱ्याने उलटत नाही, त्याची कड बसायलाही वापरता येते, आणि दोन मोठ्या कुंड्यांनी रिकाम्या गच्चीला एकदम खोलीचं रूप येतं. छोट्या जागेत दहा-पंधरा किरकोळ कुंड्या मांडण्यापेक्षा दोन-तीन मोठ्या कुंड्या ठेवाव्यात, हा लेखिकेचा सल्ला सुरुवातीला उलटा वाटतो. पण मोठ्या कुंडीतली माती सावकाश तापते, सावकाश सुकते, आणि गर्दी नसल्याने जागाही मोठी वाटते.

आता वजनाबद्दल. या मुद्द्यावर पुस्तकाने जराही घाई केलेली नाही, आणि तेच योग्य आहे. लांबी, रुंदी, उंची 60 सेंटिमीटर आणि भिंत 4 सेंटिमीटरची अशी चौकोनी कुंडी घ्या. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो. म्हणजे ती रिकामी असतानाच दीडशे किलोंची. ओली बागेची माती भरली की पावणेचारशेच्या घरात. भारतीय मानक आयएस 875 नुसार राहत्या घराच्या बाल्कनीचा हिशेब चौरस मीटरला सुमारे 300 किलो वापरभार धरून होतो आणि ये-जा असलेल्या गच्चीचा सुमारे 150 किलो. कुंडी मात्र चौरस मीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर उभी आहे. एका कुंडीने स्लॅब कोसळत नाही, कारण हा भार संपूर्ण स्लॅबवर पसरलेला धरलेला असतो. पण पुढे काढलेल्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला अशा चार कुंड्या ओळीने लावणं, म्हणजे नेमकं जिथे टाकलेल्या भाराने ताण सर्वाधिक होईल तिथेच तो टाकणं. आणि हौशी माणूस कुंड्या तिथेच लावतो, कारण रस्त्यावरून त्या तिथेच दिसतात. भिंतीलगत, तुळईवर, खांबाजवळ ठेवणं आणि मोठ्या बेतासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारणं, याला दुसरा मार्ग नाही. त्याच मापाची जीआरसीची कुंडी रिकामी चाळीस-पंचेचाळीस किलोंत बसते, पण भरली की मातीचं वजन राहतंच. म्हणून कोकोपीट, परलाइट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण हा कुंडीइतकाच महत्त्वाचा निर्णय ठरतो.

चुन्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13च्या आसपास असतो. नव्या कुंडीत लगेच रोप लावलं तर मुळांना हा तीव्र अल्कली बाधतो. कुंडी ओतल्यावर आठवडाभर तरी नीट पाणी मारायचं, मग पाण्याने भरून ठेवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं आणि साधारण महिनाभराने माती भरायची, ही जुन्या गवंड्यांची आणि नव्या शास्त्राची एकमताची रीत. बाहेरच्या अंगावर पांढरा लोणा फुटला तर घाबरायचं कारण नाही. आतला चुना आणि क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळतात, ते घासून निघतात.

पण इथे महाराष्ट्राचा भूगोल आडवा येतो, आणि परदेशी पुस्तकांत हे सापडत नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते. कुंडीतून उतरणारा थोडा चुना ती पचवते. देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात बोअरवेलचं जड पाणी. रत्नागिरीत काँक्रीटच्या कुंडीत हिरवागार राहणारा अनंत किंवा एक्झोरा तशाच कुंडीत लातूरला पिवळा पडू शकतो. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही असं समजावं. त्यावर उपाय आहेत, पण पहिला उपाय झाडाच्या निवडीचा. बोगनवेल, चाफा, कोरफड, अडेनियम यांना हा चुना फारसा खटकत नाही.

पाणी जाण्याच्या भोकाबद्दल एक जुना समज पुस्तकाने मोडला आहे. तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, असं जवळपास प्रत्येक माळी सांगतो. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहतं आणि खडीमुळे तो चिखलाचा पट्टा मुळांच्या जवळ वर सरकतो. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. कुंडी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचललेली असावी, म्हणजे भोक बुजत नाही आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर ओल धरून राहत नाही. खाली ताटली ठेवलीच तर आठवड्यातून एकदा ती कोरडी करायची. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास होण्यासाठी जेमतेम आठवडा-दहा दिवसांचं स्वच्छ साचलेलं पाणी लागतं.

उन्हाचा विचारही असाच जागेनुसार बदलतो. काँक्रीट उष्णता साठवतं. पुण्याच्या हिवाळ्यात ते रोपाला उपकारक, पण पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या नागपुरात पश्चिमेकडची गडद करडी कुंडी संध्याकाळी मुळं भाजून काढते. फिका रंग, दुहेरी भिंत, किंवा एका कुंडीची सावली दुसरीवर पडेल अशी मांडणी हे साधे उपाय. किनाऱ्यावर शत्रू वेगळा. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आतल्या तारेपर्यंत पोहोचलं की गंजलेली तार फुगते आणि कुंडी आतून फुटते. मालवण किंवा पणजीत जाळीऐवजी तंतूंचं मिश्रण बरं, आणि समुद्राची वाळू कदापि नको.

सिमेंटविरुद्धचा एक आक्षेप गंभीर आहे आणि पुस्तक तो टाळत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सात ते आठ टक्के वाटा सिमेंटनिर्मितीचा मानला जातो. वर हिशेब मांडलेल्या कुंडीत तीस-पस्तीस किलो सिमेंट जातं. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट, ज्यात 15 ते 35 टक्के औष्णिक केंद्रांची फ्लाय अ‍ॅश असते, ते वापरणं हा पहिला बदल. भिंत पातळ ठेवणं हा दुसरा. पण खरा युक्तिवाद टिकण्याचा आहे. काँक्रीटची कुंडी दर दोन वर्षांनी बदलायची हौस असेल, तर ती करूच नये. तीस वर्षं एका जागी राहील असं ठरवून केलेली कुंडीच या खर्चाला न्याय देते.

पुस्तकाचा बेत असा आहे की वाचक आधी जागा मोजायला शिकेल, मग झाड ठरवेल आणि सगळ्यात शेवटी कुंडीकडे वळेल. नर्सरीत हा क्रम नेमका उलटा असतो. ज्यांना स्वतः ओतायची आहे त्यांच्यासाठी मापं घमेल्यात दिली आहेत, साचे प्लायवूडचे, जुन्या बादल्यांचे, पुठ्ठ्याचे सुचवले आहेत, आणि हातमोजे घालण्याची सूचना पुन्हा पुन्हा आली आहे, कारण ओलं सिमेंट त्वचा खरोखर भाजतं. ज्यांना विकत घ्यायची आहे त्यांना भिंतीची जाडी, भोकं, कडेच्या चिरा आणि आतल्या पोकळीचं माप कसं तपासावं, ते कळेल. बंगल्याच्या प्रशस्त बागेसाठी इथे फार काही नाही. लेखिकेने ते जाणूनबुजून सोडलं आहे, तिचा वाचक दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभा आहे. किमतींचे तक्तेही नाहीत. त्या गावोगावी आणि वर्षागणिक बदलतात.

ओतकाम कधी सुरू करावं याचं उत्तर मात्र नेमकं दिलं आहे : दिवाळीनंतर. एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंटमधलं पाणी ते घट्ट होण्याआधीच उडतं आणि अंगावर बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात साचे वाळत नाहीत आणि सरींनी ताजा पृष्ठभाग धुपतो. थंडीत ओतलेली कुंडी सावकाश, नीट पिकते. जानेवारीपर्यंत तिच्यातला चुना बराचसा धुऊन निघालेला असतो, आणि उन्हाळा तोंडावर येण्याआधी झाडाला मुळं धरायला दोन महिने मिळतात.